कॉट्सवोल्डमधलं जुनं घर आणि ‘लिस्टेड’चा शिक्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्याच्या कॉट्सवोल्ड जिल्ह्यात एका ग्रेड टू लिस्टेड घरात आम्ही राहतो. त्यामुळे घर बघायला निघालेले, घर घेऊन बसलेले आणि सुट्टीत फिरायला आलेले मराठी लोक तेच तेच प्रश्न पाठवत राहतात. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. पैसे मोडण्याआधी कौन्सिलच्या कन्झर्वेशन ऑफिसरशी, म्हणजे जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलाच.

१. लिस्टेड इमारत म्हणजे नेमकं काय? ही यादी करतं कोण?

वास्तुकला किंवा इतिहास या दृष्टीने खास महत्त्वाच्या इमारतींची ही सरकारी यादी. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून तिची पद्धतशीर सुरुवात झाली आणि आजचे नियम १९९० च्या कायद्यातून येतात. शिफारस हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था करते, शिक्का सांस्कृतिक खात्याचे मंत्री मारतात आणि रोजचं परवानगीचं काम जिल्हा कौन्सिलकडे असतं. आपल्याकडे ते सायरन्सेस्टरहून चालतं.

साधारण नियम असा: १७०० पूर्वीची आणि मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत येते, १७०० ते १८५० मधल्या बहुतेक येतात, त्यानंतरच्या निवडून घेतल्या जातात. कॉट्सवोल्डात लोकरीच्या पैशावर मध्ययुगापासून दगडी घरं उठली आणि पुढे तो व्यापार बसल्यावर ती पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसे उरले नाहीत. म्हणून इथे गल्लीच्या गल्ली यादीत आहे. आजचं देखणेपण बरंचसं त्या मंदीची देणगी आहे.

२. आमचं घर ‘फक्त’ ग्रेड टू आहे. म्हणजे नियम जरा सैल असतील ना?

नाही. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी सुमारे २.५ टक्के ग्रेड वन, ५.८ टक्के ग्रेड टू स्टार आणि उरलेल्या जवळजवळ ९२ टक्के ग्रेड टू आहेत. परवानगीची गरज आणि शिक्षा तिन्हींना सारखीच. फरक पडतो तो अर्ज तपासताना: वरच्या दोन श्रेणींच्या अर्जात कौन्सिल हिस्टॉरिक इंग्लंडचं मत घेते आणि बदलाला जास्त सबळ कारण मागते.

श्रेणी डोळ्यांसमोर यायला उदाहरणं द्यायची तर बायबरीची आर्लिंग्टन रो, म्हणजे चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार आणि सतराव्या शतकात त्याची झालेली विणकरांची घरं, ग्रेड वन. चिपिंग कॅम्पडेनचा १६२७ चा बाजारमंडपही ग्रेड वन. तुम्ही पाहत असलेलं दोन खोल्यांचं कॉटेज बहुधा ग्रेड टू.

३. घर लिस्टेड आहे की नाही हे कुठे कळेल?

हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय यादी फुकट शोधता येते. गावाचं नाव किंवा पोस्टकोड टाका, नकाशावर ठिपके दिसतात. घर विकत घेताना सॉलिसिटर जो स्थानिक शोध घेतो, त्यातही ही नोंद येते. घराचा एजंट ‘कॅरॅक्टर प्रॉपर्टी’ एवढंच म्हणून पुढे सरकला तर आपण होऊन विचारा.

४. यादीतल्या वर्णनात आमच्या जिन्याचा उल्लेखच नाही. मग जिना बदलायला मोकळीक आहे ना?

नाही. शिक्का पूर्ण इमारतीवर असतो: आत, बाहेर, पुढे, मागे, तळघर, पोटमाळा. जुनी वर्णनं चार ओळींची असतात, कारण ती रस्त्यावर उभं राहून, इमारत ओळखता यावी एवढ्याचसाठी लिहिलेली होती. आमच्या घराच्या वर्णनात चिमणी आहे, दरवाजा आहे, पण आतल्या ओकच्या तुळयांबद्दल चकार शब्द नाही. तरीही त्या तुळया कोणी कापू शकत नाही.

अपवाद एकच. २०१३ च्या सुधारणेनंतरच्या नोंदींत ‘अमुक भाग संरक्षित नाही’ असं स्पष्ट लिहिता येतं. तसं लिहिलेलं नसेल तर सगळं संरक्षित धरून चाला.

५. कशाला परवानगी लागते आणि कशाला नाही? खिळा ठोकायलाही लागते का?

कायद्याची कसोटी अशी: इमारतीचं खास वैशिष्ट्य ज्याने बदलेल असं कोणतंही काम म्हटलं की लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागतो. मूळ घटकांसारखाच घटक, त्याच साहित्यात आणि त्याच पद्धतीने बसवणं ही दुरुस्ती; तिला सहसा लागत नाही. भिंत पाडणं, नवी खिडकी फोडणं, जुनी शेकोटी काढणं, बाहेरच्या दगडाला रंग देणं, वाशांमध्ये नवं छप्परछिद्र पाडून काच बसवणं, दर्शनी भिंतीवर सॅटेलाइट डिश लावणं, या सगळ्यांना लागतो. १९९० सालचं स्वयंपाकघर काढून त्याच जागी नवं बसवायला बहुधा लागत नाही, पण त्यासाठी जुन्या भिंतीतून चिमणीचा पाइप बाहेर काढणार असाल तर लागतो.

देवघर आणि तोरण, हे प्रश्न दर दिवाळीच्या आधी येतात. लाकडी देवघर टेबलावर ठेवायला कोणाची परवानगी नको. तोरण अडकवायला चौकटीत एक बारीक खिळा मारलात तर कोणी तुरुंगात टाकणार नाही. तरी तीनशे वर्षांच्या ओकमध्ये खिळा मारू नकाच, हुक चिकटवा. मात्र देवासाठी जाड दगडी भिंतीत कोनाडा खोदायचा विचार असेल तर तो बदल झाला. आधी शोधा, अशा घरांत एखादी जुनी देवळीसारखी जागा शेकोटीशेजारी असतेच. मीठ कोरडं राहावं म्हणून ती ठेवलेली असे. आमच्याकडे तिथे आता गणपती आहे.

शंका असेल तर कौन्सिलकडून ‘प्रस्तावित कामाचा वैधता दाखला’ मागता येतो. हे काम परवानगीशिवाय करता येईल, असं लेखी हातात मिळतं. पुढे घर विकताना तो कागद सोन्याचा ठरतो.

६. परवानगीला किती पैसे आणि किती दिवस लागतात?

लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या अर्जाला शुल्क नाही. त्याच कामाला प्लॅनिंग परमिशनही (बांधकामाची सर्वसाधारण परवानगी) लागत असेल तर तिचं शुल्क वेगळं भरावं लागतं. आणि हो, या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. खरा खर्च नकाशे आणि ‘हेरिटेज स्टेटमेंट’चा असतो: घराचा इतिहास काय, कशाला हात लागणार आणि का, याचं टिपण. निर्णयाची मुदत अर्ज दाखल करून घेतल्यापासून ८ आठवडे, प्रत्यक्षात अनेकदा जास्त. परवानगी सहसा ३ वर्षं टिकते, तेवढ्यात काम सुरू करायचं. नाकारली तर ६ महिन्यांत अपील.

करसवलत मिळते का, असंही विचारतात. लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट लागत नसे, ती सोय ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद झाली. आता २० टक्के. घर २ वर्षं किंवा जास्त रिकामं पडलेलं असेल तर ५ टक्क्यांचा दर लागू होऊ शकतो, तेवढं हिशेबनिसाला विचारा.

७. भिंतीला ओल आली आहे. बिल्डर म्हणतो, सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरून आतून वॉटरप्रूफिंग करू. करू का?

करू नका. याचं उत्तर जरा लांबच देतो, कारण हे मी स्वतः भोगलं आहे.

इथला दगड म्हणजे मधाच्या रंगाचा चुनखडक. तो पाणी पितो आणि सोडतो. जुन्या भिंतीला ओल रोखणारा थर नसतो. ती श्वास घेऊन कोरडी राहते. पाऊस आत शिरतो आणि चुन्याच्या मऊ दर्जांमधून वारा त्याला परत बाहेर काढतो. तिथे सिमेंट भरलं की दर्ज दगडापेक्षा कठीण होते आणि पाण्याची वाट बंद होते. मग पाणी दगडातून बाहेर पडतं, हिवाळ्यात तिथेच गोठून फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. काही वर्षांत सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आणि दगड खोल आत, असं विचित्र चित्र दिसतं. आमच्या मागच्या भिंतीचं नेमकं हेच झालं होतं. आधीच्या मालकाने करवून घेतलेलं सिमेंट छिन्नीने, दगड न दुखवता, काढायला गवंड्याला दोन उन्हाळे लागले. उन्हाळेच, कारण चुन्याला थंडी सोसत नाही. गोठण्याच्या हवेत चुन्याचं काम करत नाहीत.

चुना भरून पहिल्या वर्षी ओल गेली नाही, तेव्हा मी वैतागलो होतो. जाड भिंत वाळायला वेळ घेते. ज्यांचं बालपण पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत गेलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही; तिथल्या भिंतीही चुन्यातच उभ्या आहेत.

ओल दिसली की आधी पन्हळ तपासा, मग बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का ते बघा. निम्मी ओल तिथेच सापडते. जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली संस्था आजही अशा गोष्टींवर फोनवर फुकट सल्ला देते. शेजारच्या ट्यूक्सबरी ॲबीच्या ‘जीर्णोद्धारा’ची योजना ऐकून मॉरिस भडकला, त्यातून ही संस्था जन्मली. म्हणजे हा वाद मुळात याच परगण्यातला.

८. छपरावरची दगडी कौलं काढून सिमेंटची घातली तर? दिसायला सारखीच असतात.

दुरून सारखी दिसतात, जवळून नाही, आणि परवानगी मिळण्याची आशा धरू नका. खरी कौलं चुनखडकाच्या पातळ फरश्या असतात. पूर्वी काही खाणींतला दगड ओला ठेवून हिवाळ्यात उघड्यावर टाकत आणि कडक थंडीच त्याचे पापुद्रे सोडवून देई. ती एका मापाची नसतात: वळचणीला सगळ्यात मोठी आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत जातात. एखादा वासा बसला तर सगळं छप्पर न उलगडता तेवढ्याच भागातली कौलं क्रमाने उतरवून, त्याच ओळीत परत चढवतात. वजन प्रचंड असतं, म्हणून कौलांआधी वाशांची तपासणी करा.

९. खिडक्यांतून थंडी येते. डबल ग्लेझिंग चालेल का?

घरावर आणि खिडकीवर अवलंबून आहे. दगडी उभ्या दांड्या आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली लहान तावदानं असतील, तर ती काढू देणार नाहीत; ती वेडीवाकडी, लाटा उठलेली काच हाच तर ठेवा आहे. आतल्या बाजूने दुसरं तावदान बसवणं हा मार्ग सहसा मान्य होतो, कारण तो उद्या काढता येतो. जाड पडदे आणि फटी बुजवणं हे काम त्याहून स्वस्त. प्लास्टिकच्या चौकटी विसरा.

१०. सोलर पॅनल?

लिस्टेड घराच्या छपरावर लावायला कन्सेंट लागतो. मागच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या पाख्यावर किंवा बागेत जमिनीवर लावणार असाल तर आशा जास्त. बागेतल्या पॅनलसाठी प्लॅनिंग परमिशनचं काय, ते वेगळं विचारा.

११. घर लिस्टेड आहे, पण मागचा गोठा आणि बागेची दगडी भिंत यादीत नाहीत. त्या पाडू शकतो का?

इथे एक तारीख पाठ करा: १ जुलै १९४८. मुख्य इमारतीच्या आवारातली, तिच्याशी निगडित असलेली आणि त्या तारखेच्या आधीपासून जमिनीत उभी असलेली कोणतीही रचना मुख्य इमारतीबरोबर आपोआप संरक्षित होते. गोठा, कबुतरखाना, विहिरीचा कठडा, कोरड्या दगडी रचाईची भिंत, सगळं त्यात आलं. अडचण ‘आवार’ या शब्दाची आहे. घर यादीत आलं त्या वेळी तो गोठा त्याच मालकाचा होता का, घरासाठीच वापरात होता का, मांडणी कशी होती, यावर ते ठरतं आणि त्यावर न्यायालयात भरपूर भांडणं झाली आहेत. शेतघर विकून गोठे वेगळे काढलेल्या जागी हे हमखास उद्भवतं. स्वतः निकाल लावू नका, कौन्सिलकडून लेखी घ्या.

बागेत नवी शेड बांधायची असेल, तर साध्या घराला मिळणारी सूट लिस्टेड घराच्या आवारात मिळत नाही. प्लॅनिंग परमिशन लागेल.

१२. आमचं घर लिस्टेड नाही, पण ‘कन्झर्वेशन एरिया’त आहे. ते काय?

ते गावच्या एखाद्या भागाचं एकत्रित संरक्षण. १९६७ च्या कायद्याने आलं आणि या एकट्या जिल्ह्यात असे शंभराहून अधिक भाग आहेत. घराच्या आत काय करता याच्याशी त्याचा संबंध नाही. इमारत पाडणं, दर्शनी बाजूचे काही बदल आणि झाडं यांवर बंधन येतं: ठराविक जाडीवरचं झाड छाटण्यापूर्वी कौन्सिलला ६ आठवडे आधी कळवायचं. घर लिस्टेडही असेल आणि अशा भागातही असेल तर दोन्ही नियम लागू.

१३. आधीच्या मालकाने परवानगी न घेता भिंत पाडली होती. आता घर आमचं आहे. जबाबदार कोण?

गुन्हा ज्याने काम केलं किंवा करवलं त्याचा, पण भिंत परत उभारायची नोटीस तुम्हाला येऊ शकते. आणि तिला कालमर्यादा नाही. साध्या प्लॅनिंगच्या उल्लंघनावर काही वर्षांनी पडदा पडतो, इथे पडत नाही. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे, कमाल शिक्षा २ वर्षं तुरुंग किंवा अमर्याद दंड किंवा दोन्ही. ‘घर लिस्टेड आहे हे मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी जुन्या परवानग्यांचे नकाशे आणि समोरचं घर शेजारी ठेवून बघा. नकाशात तीन खोल्या आणि प्रत्यक्षात एक मोठी, असं दिसलं तर सही करण्याआधी सॉलिसिटरला सांगा. जुन्या कामासाठी नंतर अर्ज करता येतो, तो मंजूर झाला तर पुढची चिंता मिटते, झालेला गुन्हा मात्र पुसला जात नाही.

१४. वादळात चिमणी झुकली आहे, कधीही पडेल. ८ आठवडे थांबू का?

थांबू नका. लोकांच्या जिवासाठी किंवा इमारत वाचवण्यासाठी तातडीचं काम करता येतं, पण अटी आहेत: टेकू किंवा तात्पुरतं छत देऊन भागत नव्हतं, काम अगदी गरजेपुरतंच केलं आणि कौन्सिलला लवकरात लवकर लेखी कळवलं, हे तुम्हाला दाखवता यायला हवं. फोटो काढत राहा. उतरवलेला प्रत्येक दगड जपून ठेवा. चिमणी धोक्याची होती म्हणून सगळा पाखा उलगडला, हे यात बसत नाही.

१५. पोटमाळ्यावर वटवाघळं आहेत. कन्सेंट मिळाला, आता काम सुरू करू ना?

अजून नाही. इंग्लंडमधली सगळी वटवाघळं आणि त्यांची राहण्याची ठिकाणं कायद्याने संरक्षित आहेत, ती घरी नसली तरी. सर्वेक्षण मुख्यतः मे ते सप्टेंबरमध्ये होतं आणि त्यांच्या ठिकाणाला धक्का लागणार असेल तर नॅचरल इंग्लंड या निसर्गरक्षणाच्या सरकारी संस्थेचा परवाना लागतो. ऑक्टोबरात हे लक्षात आलं की छपराचं काम पुढच्या वर्षावर गेलं म्हणून समजा.

१६. हा शिक्का नको असेल तर काढता येतो का?

फार क्वचित. नवी नोंद झाली असेल तर २८ दिवसांत फेरविचार मागता येतो. नाहीतर इमारतीला ते खास महत्त्व उरलेलंच नाही किंवा मुळात नव्हतं, हे दाखवावं लागतं. देखभाल परवडत नाही, विक्री होत नाही, ही कारणं विचारातच घेत नाहीत. मालकाची संमतीही लागत नाही. शेजारी तुमच्या घराचं नाव सुचवू शकतो, आणि सुचवतात.

१७. चर्चचे ट्रस्टी म्हणतात, आम्हाला कौन्सिलची परवानगी लागत नाही. खरं?

बरंचसं खरं. चर्च ऑफ इंग्लंड, रोमन कॅथलिक, मेथडिस्ट अशा काही पंथांच्या वापरातल्या चर्चना लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटमधून सूट आहे, कारण त्यांची स्वतःची परवानगीव्यवस्था आहे. ती काही कमी कडक नाही. चर्च ऑफ इंग्लंडचं तर त्यासाठी स्वतःचं न्यायालय आहे. नॉर्थलीचचं लोकर-व्यापाऱ्यांच्या पितळी स्मृतिफलकांचं चर्च किंवा फेअरफर्डचं २८ मध्ययुगीन रंगीत खिडक्यांचं चर्च याच वाटेने जातं. बाहेरच्या कामाला प्लॅनिंग परमिशन मात्र त्यांनाही चुकत नाही.

१८. हेस्टिंग्जचं घर याच जिल्ह्यात आहे म्हणतात. बघता येतं का?

तोच वॉरन हेस्टिंग्ज, ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल, हो. ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहावर थांबलं. इंग्लंडला परतल्यावर त्याने आपल्या पूर्वजांची हातची गेलेली डेल्सफर्डची इस्टेट परत विकत घेतली आणि सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुकाराकडून घर बांधून घेतलं. तिकडे संसदेत त्याच्यावर महाभियोग चालू होता आणि इकडे घुमट चढत होता. तो ऑगस्ट १८१८ मध्ये तिथेच वारला. दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं आहे. घर ग्रेड वन आणि खाजगी. लिस्टेड असणं म्हणजे लोकांना खुलं असणं नव्हे.

त्यापेक्षा जवळच, मोर्टन-इन-मार्शच्या पलीकडे, सेझिंकोटला जा. त्याच कॉकरेलने १८०५ च्या सुमारास आपल्या भावासाठी, कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्ससाठी, हे बांधलं: तांब्याचा हिरवा पडलेला कांद्यासारखा घुमट, छज्जे, कोपऱ्यांवर छत्र्या, बागेत सूर्याचं देऊळ, पुलावर नंदी. आतून साधं इंग्रजी घर. हेही ग्रेड वन. वर्षातल्या ठराविक काळातच उघडं असतं, आधी वेळ बघून जा. नंदी देवळाकडे नाही तर वाहत्या ओढ्यावरून बागेकडे बघत बसलेले असतात, हे पाहून माझ्या आईने पहिला प्रश्न विचारला, ‘आणि पिंड कुठे आहे?’

१९. आमचं घर बरफर्डला आहे. हेच नियम का?

कायदा तोच, कौन्सिल वेगळी. कॉट्सवोल्डच्या टेकड्या या जिल्ह्याच्या बाहेर बऱ्याच पसरल्या आहेत: बरफर्ड पश्चिम ऑक्सफर्डशरमध्ये, पेन्सविक स्ट्राउडमध्ये, कासल कूम विल्टशरमध्ये. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदेच वेगळे आहेत.

२०. गावातला लाल टेलिफोन बूथ किंवा बोर्टनचं ते छोटं गावही लिस्टेड आहे, ही थाप आहे ना?

थाप नाही. जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने १९३५ मध्ये आखलेल्या त्या लाल बूथांपैकी अनेक ग्रेड टू आहेत. फोन कंपनीने ते १ पौंडात गावांना दिले आणि आता त्यांत हृदय बंद पडल्यास वापरायची यंत्रं किंवा पुस्तकं असतात. मैलाचे दगड, पंप आणि थडगीही यादीत असतात.

बोर्टन-ऑन-द-वॉटरचं १९३७ साली खुलं झालेलं मॉडेल गाव, म्हणजे खऱ्या गावाची नवव्या हिश्श्याची प्रतिकृती, २०१३ मध्ये ग्रेड टू झालं. भिंती खऱ्या कॉट्सवोल्ड दगडाच्या आहेत. त्या छोट्या गावात, जागच्या जागी, त्याच मॉडेल गावाचं आणखी छोटं मॉडेल आहे आणि त्याच्यातही एक. शिक्का पूर्ण रचनेवर असतो (प्रश्न ४ पाहा), तेव्हा तेही आलंच.